सतरावा दिवा

चिआतुराच्या दरीत अंधार वरून उतरत नाही,
खालून, नदीतून चढत येतो.
चौथ्या मजल्यावर पोचायला त्याला अर्धा तास लागतो.
तेवढ्यात अंब्रोसी टेबलावर अक्रोड मांडायचा,
वाइनचा बुधला, चार पेले,
आणि मग दिवे दाखवायचा.

दिवे एकशे बारा. सगळे खाणीतले.
खिळ्यांना, कपाटांत, न्हाणीघरातल्या दोरीलासुद्धा.
पितळेचे, कार्बाइडचे, जाळी फाटलेले,
आणि प्रत्येकाची गोष्ट.
पहिल्या पेल्याला सतरावा दिवा त्याच्या बापाचा असायचा,
तिसऱ्या पेल्याला झेस्ताफोनीच्या बाजारात
जोडीभर बुटांवर घेतलेला.
आम्ही हसायचो.
पाहुण्याने गोष्ट तपासायची नसते.
मीही तेव्हा पाहुणीच होते.

मग त्याचे गुडघे गेले, जिने राहिले.
म्हणाला, ने सगळे तुझ्या संग्रहालयात.
तुझ्या म्हणाला!
मी तिथे पगारी.
छप्पर गळते तिथे बादली सरकवते,
शाळेची पोरे आली की 'हात लावू नका' म्हणते,
आणि नोंदवही लिहिते.

नोंदवही वाइन पीत नाही.
वस्तू. माप. कशाची बनली. कुठे तुटली.
कोणाकडून मिळाली.
नऊ दिवस बसलो.
तो दिवा फडक्याने पुसू लागायचा,
मी म्हणायचे, काजळी राहू दे,
तो म्हणायचा, पोरी, चाळीस वर्षं पुसतोय.
तेविसावा कोणाकडून?
'कोण जाणे.'
मी लिहिले: ठाऊक नाही.
तो चष्मा चढवून वाकला, बघतच राहिला.
'असं लिहितात?'
असंच लिहितात.
याचाच पगार देतात, देतात तेव्हा.

सतरावा मुद्दाम शेवटी ठेवला होता त्याने.
बापाचा? 'नाही.'
बाजारातला?
त्याने फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.
बाहेर केबलगाडीचा पाळणा तारेवर कुरकुरत गेला.
दरड कोसळली त्या आठवड्यात
मी दिवाघराच्या खिडकीत होतो, म्हणाला.
वर आणलेल्या सामानात हा होता,
बुडाशी खिळ्याने कोरलेले नाव, गेरोन्ती.
त्याची बायको आली, पेलागिया.
'दिवा सापडला नाही, म्हटलं तिला. तीनदा आली,
तीनदा म्हटलं.'
का?
'देखणा होता गं.'

पेन माझ्या हातात, आणि रकाना बोटभर रुंद.
बराच वेळाने तोच म्हणाला,
लिही. मावेल तेवढं लिही.

दालन उघडले त्या दिवशी अक्रोड नव्हते, भाषण होते.
गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पेलागिया आली,
पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.
त्या चौथ्या मजल्यावर तिला कोणी बोलावले असते?
इथे तीन लारीचे तिकीट, आणि दार ढकलले की उघडते.
एकेक पाटी वाचत आली.
ठाऊक नाही. ठाऊक नाही. ठाऊक नाही.
सतराव्याशी थांबली.
नवऱ्याचे नाव होते, दिवाघर होते,
'विनापरवाना नेला' होते,
आणि नेणाऱ्याचेही नाव, त्याच अक्षरांत, तेवढ्याच मापाचे.

मी सांगितले, फॉर्म असतो. सही केलीत तर
दिवा तुमच्या घरी जाईल.
तिने विचारले, तुम्ही बंद किती वाजता करता?
पाचला.
ती पाचपर्यंत बसली.
कोथिंबीर मलूल झाली.

फॉर्म माझ्या खणात आहे, सहीपुरता कोरा.
ती दर गुरुवारी येते, फुकट सोडले तर रागावते.
मंगळवारी अंब्रोसीचा भाचा
त्याला पाठुंगळीला घेऊन येतो.
दोन तिकिटे काढतो, एक पाठीवरच्याचे.
अंब्रोसी सवयीने खिशातून फडके काढतो,
काचेपाशी नेतो.
मी खुर्चीवरूनच म्हणते,
हात लावू नका.